दोष फक्त जमिनीचाच का?



सोयाबीन पेरण्याआधी आपण शंभर दाणे मोजतो आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सत्तर किंवा जास्त कोंब आले तर बियाणे पेरायचे, कमी आले तर एकरी बियाणे वाढवायचे किंवा बदलायचे. बियाणे न तपासता आधी जमिनीला शिव्या देणारा शेतकरी शहाणा म्हणवत नाही. मग लग्नाला तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की सगळा दोष एकट्या सुनेच्या माथी कसा येतो?

तिलाच दवाखाना, तिलाच देवऋषी, तिलाच उपासतापास. हळदीकुंकवाचे बोलावणे बंद होते. शेवटी माहेरी धाडण्याची, नाहीतर दुसरी करण्याची भाषा निघते. पहिली बायको असताना दुसरे लग्न हिंदू विवाह कायद्याने १९५५ पासून बेकायदा आहे, तरी ही भाषा थांबलेली नाही. एवढ्या धावपळीत नवऱ्याची एक साधी वीर्यतपासणी मात्र राहून जाते. बाईच्या तपासण्यांपेक्षा ती सोपी आणि स्वस्त असते, तरीही!

मूल होत नाही अशा जोडप्यांपैकी साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचे कारण असते. कधी एकटे, कधी बायकोकडच्या कारणासोबत. शिवाय बाई म्हणजे नुसती जमीन नव्हे. बीजाचा निम्मा वाटा तिचा असतो. तेव्हा बीज म्हणजे बाप आणि शेत म्हणजे आई, ही म्हातारी समजूत आता सोडलेली बरी.

आता ताटाकडे वळू. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. उडीद पेरून काढायला लागतात, जवळपास तेवढेच दिवस. म्हणजे आज तपासणीत जे दिसते त्यावर दोन-तीन महिन्यांपूर्वीचे खाणेपिणे, आजारपण आणि व्यसन यांची छाप असते. शुक्राणूचे पातळ आवरण स्निग्ध पदार्थांचे असते. तंबाखू आणि दारूने, तसेच वाढलेल्या पोटाने त्याची झीज होते. भाजीपाला, आवळा, पेरू यांतली जीवनसत्त्वे ती झीज रोखायला मदत करतात. डाळी, अंडी, मासे, तीळ यांतून प्रथिने आणि जस्त मिळते. मक्याची कोवळी पाने पांढरट पडली की आपण झिंक सल्फेट आणतो. त्याच जस्ताची गरज आपल्या शरीरालाही असते, हे मात्र ध्यानात येत नाही.

अमेरिकेत ११७ निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवडे रोज ७५ ग्रॅम अक्रोड खाणाऱ्यांच्या शुक्राणूंची हालचाल आणि घडण सुधारली. त्यामुळे मुले जास्त झाली का, हे त्यात पाहिलेले नव्हते. पण खाण्याचा परिणाम तिथवर पोचतो, एवढे त्यातून कळते.

मग बाजारातला ‘शक्तिवर्धक’ डबा आणावा का? आमचे उत्तर स्पष्ट आहे : नको. अमेरिकेतच २,३७० जोडप्यांवर मोठी चाचणी झाली. पुरुषांपैकी निम्म्यांना सहा महिने जस्त आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. निकाल २०२० साली आला. मुले जन्मण्याच्या प्रमाणात काही फरक पडला नव्हता. जमिनीला गरज नसताना टाकलेली खताची गोणी वाया जाते, तसेच हे. ताट नीट असले तर डब्याची गरज नाही, आणि ताट बिघडलेले असेल तर ते डब्याने भरून निघत नाही.

पण ताट बिघडले कशाने? दूध संस्थेला, अंडी बाजारला, तूर व्यापाऱ्याला. घरात उरते भाकरी, ठेचा, गोड चहा आणि तंबाखूची पुडी. पिकवणाऱ्यानेच डाळ मोजून खावी, ही काही हौस नव्हे. देणे फेडायला जे विकले जाते ते आधी विकावे लागते. म्हणून भावाचा प्रश्न हा चुलीचाही प्रश्न आहे. मात्र भाव मिळेपर्यंत तंबाखूच्या पुडीचे पैसे शेंगदाण्याकडे वळवायला कोणाची परवानगी लागत नाही.

ताटासोबत पोटात जाणाऱ्या विषाचेही बोलले पाहिजे. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमींवरचे औषध बनवणाऱ्या कामगारांना आपल्याला मुले होत नाहीत, असे आढळले. तपासणीत अनेकांचे शुक्राणू फार कमी किंवा शून्य निघाले. १९७९ मध्ये अमेरिकेने त्याचे बहुतेक वापर बंद केले. सगळी औषधे तशी नसतात. तरीही फवारणीच्या हातांनी बांधावर भाकरी मोडायची किंवा तंबाखू मळायची, हे बंद झालेच पाहिजे. आधी साबणाने हात धुवा, कपडे बदला, मग जेवा.

आहार हा सर्व रोगांवरचा उपाय आहे, असा आमचा दावा नाही. वृषणाच्या शिरा फुगल्या असतील, नळी बंद असेल, तर डॉक्टरच लागतो. वर्षभर प्रयत्न करून मूल राहिले नाही तर नवरा-बायकोने एकाच दिवशी, एकत्र दवाखान्यात जावे. बायकोचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांवर थांबू नये. तपासणीत नवऱ्याकडे कमी निघाली, तर त्याला नामर्द म्हणणेही तितकेच अडाणीपणाचे. शुक्राणू कमी असणे आणि पुरुषपण कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बैठकीला आलेल्या प्रत्येक गावाने एवढे ठरवून उठावे : नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय आमच्या गावात कोणत्याही लेकीसुनेला वांझ म्हटले जाणार नाही, आणि झाल्यावरही नाही.