घाईची क्रमवारी
अमेरिकेत बेसबॉलच्या मायनर लीगचा हंगाम एप्रिलच्या सुमारास सुरू होतो आणि महिनाभरातच होतकरू खेळाडूंची क्रमवारी लावण्याची घाई सुरू होते. पण हिशेब पाहा: पन्नास पाळ्यांत तेरा फटके म्हणजे सरासरी .२६०, दोनच फटके अधिक, की.३००! दोन फटक्यांवर माणूस तोलायचा? १९८८ च्या निवडीत माइक पियाझाचा क्रमांक होता १३९० वा. २०१६ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. १९९१ चा पहिला, ब्रायन टेलर, मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पहिल्या चाचणीनंतर ‘हा टिकणार नाही’ असे ऐकले; आज दुसऱ्या वर्षात आहे. गुरुजनांनी क्रमांक जरूर लावावेत. शिक्का मात्र वर्षअखेरपर्यंत राखून ठेवावा, एवढीच विनंती.