वजनावरून बोलू नका, ताटाकडे बघा

कशेडी घाटाच्या खालच्या वाड्यांतल्या, पोलादपूर-महाडकडच्या बंधू-भगिनींनो, एक कळकळीची विनंती आहे. घरात कुणी जाड झालं की ‘तोंडावर ताबा नाही’ असं बोलू नका. बाईमाणसाला तर नकोच.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या जवळपास दर चौथ्या माणसाचं वजन जास्त आढळलं, बायकांत आणि पुरुषांतही. मात्र खाण्याची ओढ दोघांच्या मेंदूत सारखी चालत नाही. 2009 मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेने 23 स्त्री-पुरुषांपुढे उपाशीपोटी आवडीचे पदार्थ ठेवले आणि इच्छा आवरायला सांगितली. पुरुषांच्या मेंदूतली खळबळ कमी झाली. बायकांनी भूक ओसरल्याचं सांगितलं, पण मेंदू तसाच जागा राहिला. प्रयोग छोटा होता आणि ती माणसं लठ्ठ नव्हती. पुढे 2023 मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांना लठ्ठपणातही फरक दिसला: बायकांत खाण्याचा संबंध भावनांशी आणि लहानपणी सोसलेल्या त्रासाशी जास्त, पुरुषांत पोटातल्या संवेदनांशी.

म्हणून ताईंनो, उपवास श्रद्धेने करा, पण दिवसभर कडकडीत उपाशी राहून रात्री साबुदाण्यावर भागवू नका. सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात ‘वाया जाईल’ म्हणून पोटात ढकलू नका. मन जड असेल तर फरसाणाचा डबा उघडण्याआधी कुणाशी तरी बोला.

दादांनो, महामार्गावर गाडी चालवताना भुकेने कळवळेपर्यंत थांबू नका. मग हॉटेलात वडापावाची गणती राहत नाही. घरून नाचणीची भाकरी, उसळ, काकडी बांधून घ्या. सावकाश जेवा, पोटाला तडस लागायच्या आत हात धुवा.

आशाताई तिशीपुढच्यांची कंबर मोजायला येते, तेव्हा लाजू नका. बाईची 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची 90 च्या वर गेली, तर ग्रामीण रुग्णालयात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. पाळी जाण्याच्या वयात पोटाचा घेर वाढतो. त्यात बाईचा दोष नाही, पण तपासणी टाळू नये.

आणि घरच्यांनो, घरातल्या बाईला शेवटच्या पंगतीला ठेवू नका. आजपासून सगळे एकत्र, वेळेवर जेवायला बसा.