वजन बाळाचं, जाब फक्त आईला

दर महिन्याला आम्ही अंगणवाडीत मुलांची वजनं घेतो. काटा जागचा हलला नाही की सगळ्यांच्या माना आईकडे वळतात. 'काय खाऊ घालतेस गं?' ती खाली बघते. चूल तीच पेटवते, पण बाळाच्या तोंडात काय जायचं हे बहुतेक घरांत ती ठरवत नाही.

उष्टावणाचंच घ्या. मामा येतो, चांदीची वाटी येते, खीर चाटवतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवसापासून बाळ पुन्हा नुसतं अंगावर. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालूच ठेवायचं, पण सहा महिन्यांनंतर लोहाची आणि वाढीची गरज एकट्या दुधाने भागत नाही. आधी दिवसातून दोन-तीनदा आणि नवव्या महिन्यापासून तीन-चारदा वरचं खाणं लागतं. आमच्या मराठवाड्यातल्या गावात वरचं खाणं म्हणजे वरणाचं पाणी. 'घट्ट पचायचं नाही त्याला,' हा आजीचा निकाल, आणि त्यावर अपील नाही. बाळाचं पोट केवढंसं! ते पाण्याने भरतं, बाळ गप्प होतं, झोपतं, घरालाही बरं वाटतं. खालची डाळ मोठ्यांच्या ताटात जाते. तीच डाळ भातात कुस्करून, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट द्यावी, वर लहान चमचाभर तेल घालावं. तेवढ्या तेलात साधारण 45 कॅलरी असतात. वेगळं काही शिजवावं लागत नाही.

आजीला आरोपी करायला मी बसलेली नाही. कापूस वेचणीत सून सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. तोवर बाळ आजीच्या ताब्यात, आणि आजीचे गुडघे धरलेले. रडलं की चहात बुडवलेलं बिस्कीट. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे तिला सांगितलंय कोणी? आमचं सगळं सांगणं सुनेला. आजी ओसरीवर बसून ऐकते आणि आम्ही निघालो की आपलंच खरं करते.

बापाची तर गोष्टच निराळी. तो संध्याकाळी पाच रुपयांची पुडी घेऊन येतो. मूल धावत जातं, लाड होतात, जेवायच्या वेळेला भूक मेलेली असते. मग मोबाइल समोर धरून घास कोंबायचे, नाहीतर 'हिला भरवताच येत नाही' म्हणून आईने बोलणी खायची. दोन पुड्यांच्या पैशांत एक अंडं येतं. पण अंडं उष्ण पडतं म्हणे, आणि पुडी पडत नाही!

गरिबी आहे, ती मी नाकारत नाही. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सर्वांत सधन पाचव्या हिश्श्यातलीही 23 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी जेमतेम 11.3 टक्के. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुजी होती. हे सगळं नुसतं रिकाम्या डब्यांमुळे होत नाही.

2018 पासूनच्या पोषण अभियानात नवऱ्यांना समजावण्यासाठी 'सुपोषण दिवस' आहे. आमच्याकडे त्या दिवशीही सतरंजीवर बायकाच बसतात. पुरुष दारापर्यंत येतात, गाडी चालू ठेवून बायकोला सोडतात आणि जातात. आम्हीही सभा दुपारी ठेवतो, तेव्हा कोणता पुरुष मोकळा असतो? ती संध्याकाळी ठेवा, पारावर ठेवा, आणि त्या दिवसापुरता आम्हा सेविकांच्या डोक्यावरचा नोंदींचा एखादा बोजा कमी करा, हे माझं खात्याला सांगणं आहे.

आणि बापांना विनंती: पुढच्या वजनाच्या दिवशी बाळाला तुम्ही कडेवर घेऊन या, सोबत आईलाही आणा, म्हणजे बाळाच्या आजीला. रानात जायच्या आधी अर्धा तास पुरतो.