आधी कोण हसलं?

साथीच्या काळात सरकारची टिंगल करू नये, असं सांगणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांचा पूर्वपक्ष बराच भक्कम आहे. माणसं मरत असताना विनोद सुचतोच कसा? सरकारवरचा विश्वास उडाला तर डॉक्टरांचं कोण ऐकेल? आणि चित्रं रंगवून आजवर कुठला रोग बरा झाला? उत्तर द्यायचं तर एखाद्या घडलेल्या प्रकरणावर बोट ठेवून द्यावं. मी १९८०च्या दशकातल्या अमेरिकेवर आणि एड्सवर ठेवतो.

जून १९८१मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद झाली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात व्हाइट हाउसमध्ये एका पत्रकारानं या आजाराविषयी विचारलं. प्रवक्ते लॅरी स्पीक्स यांनी उलट विचारलं, मला तो नाही, तुम्हाला आहे का? खोलीत हशा पिकला. तेव्हा मरणावर विनोद करू नये हा उपदेश ज्यांना द्यायचा, त्यांचा पत्ता व्हाइट हाउस हा होता. कलावंत पाच वर्षं उशिरा आले.

आले ते ब्रॉडवेवरच्या न्यू म्युझियमच्या दर्शनी खिडकीत, १९८७च्या अखेरीस. ‘अ‍ॅक्ट अप’ या एड्सच्या प्रश्नावर लढणाऱ्या संघटनेतल्या मंडळींनी तिथं सिनेटर जेसी हेल्म्स, धर्मोपदेशक जेरी फॉलवेल अशा काहींची चित्रं उभी केली आणि एड्सबद्दलची ज्याची त्याची मुक्ताफळं काँक्रीटच्या शिळेत उमटवली. अध्यक्ष रेगन यांची शिळा तेवढी कोरी ठेवली. व्यंगाची सारी धार त्या कोरेपणात आहे. कुणाच्या तोंडी खोटा शब्द घातला नाही, कुणाचं नाक लांब काढलं नाही.

आक्षेपक इथं उसळून म्हणतील, अहो, त्याच वर्षी मे महिन्यात रेगन यांनी एड्सवर अख्खं भाषण केलं होतं! केलं होतं. तोवर रुग्ण ३६ हजारांवर आणि मृत्यू २० हजारांवर गेले होते. एक गोष्ट मात्र मी आक्षेपकांना देऊन टाकतो: या साऱ्यांच्या मागे नाझींवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याचं भलंमोठं छायाचित्र लावलं होतं, ते मला अतिरेकी वाटतं. कोरी शिळा पुरेशी होती.

आता विश्वासाचा मुद्दा. लशीची भीती पसरवणारं व्यंग आणि औषध लवकर द्या म्हणणारं व्यंग यांना एकाच तराजूत घालणं हा आळस आहे. पहिल्याची वकिली मी करत नाही. ऑक्टोबर १९८८मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीसमोर आंदोलक पुठ्ठ्याची थडगी घेऊन आडवे पडले, काही जण डॉक्टरी पांढरे डगले घालून आले. हा तमाशा झाला. पण येण्याआधी त्यांनी औषध-मंजुरीची किचकट पद्धत शिकून घेतली होती, तिच्यावर पुस्तिका काढली होती. गंभीर आजारांवरची औषधं लवकर मंजूर करण्याचे नियम त्याच महिन्यात जाहीर झाले. ते आधीपासून शिजत होते हे खरं, म्हणून सगळं श्रेय थडग्यांना देणार नाही. पण त्याच वर्षी नाटककार लॅरी क्रेमर यांनी ज्यांना जाहीरपणे खुनी म्हटलं, त्या सरकारी एड्स-संशोधनाची धुरा वाहणाऱ्या डॉ. अँथनी फाउची यांनी आंदोलकांशी बोलणी केली आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं असं पुढे वारंवार सांगितलं. विश्वास बुडाला असेल तर तो आधीच्या मौनानं.

राहिला तिसरा प्रश्न, चित्रानं रोग बरा होतो का. नाही होत. यावर वाद कसला? याच चळवळीतल्या ‘ग्रॅन फ्युरी’ या कलावंत-गटानं १९८८मध्ये पोस्टरच काढलं की कला पुरेशी नाही, संघटित कृती करा. आक्षेपकांचा हुकमी पत्ता आरोपींनीच आधी छापून भिंतीवर डकवला होता.

तरीही ज्यांना ती खिडकी अन्यायाची वाटते, त्यांना एक विनंती. जून १९८१ ते ऑगस्ट १९८५ या काळातलं, त्या कोऱ्या शिळेवर कोरता येईल असं अध्यक्षांचं एक जाहीर वाक्य शोधून द्यावं.