पुस्तकांची यादी कोणी करावयाची?

बल्लारपूरचे नाव देशभर झाले ते कागदामुळे. त्या कागदासाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांनी वर्षानुवर्षे बांबू पुरविला. तो बांबू तोडणाऱ्यांच्या मुलांपुढे कोणते छापील पान ठेवावयाचे, हे मात्र आपण पुस्तकविक्रेत्याच्या यादीवर सोपवितो. त्या यादीत थोरांची चरित्रे, बोधकथा आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके यांचीच भरती असते. (बोधकथेतला बोध मुले दुसऱ्याच पानावर ओळखतात, ही गोष्ट वेगळी.)

वाचनालय चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी गोष्टीच्या पुस्तकाला चैन समजू नये. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे उपदेश न करता मुलाला वाचावयास लावतो. हे सामर्थ्य लहान नव्हे. परंतु फेणे पुण्याच्या शाळेतला. आपल्या ओळखीचे रान मुलांना पुस्तकात भेटावे, यासाठी मारुती चितमपल्लींचे लेखन थोरल्या मुलांच्या हाती द्यावेच. माडिया-गोंडी बोलणाऱ्या लहानग्यांना पहिली गोष्ट त्यांच्याच भाषेत मिळाली पाहिजे.

माहितीपर पुस्तकांची कसोटी अधिक कडक हवी. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ग्रामसभेने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ साली आपला बांबू स्वतः विकण्याचा अधिकार बजावला. वनांविषयीचे पुस्तक वाघ-हरणांची चित्रे दाखवून या हकीगतीबद्दल मौन पाळीत असेल, तर ते अपुरे आहे. किंमत कमी म्हणून ते घेऊ नये.

यादी मंजूर करण्यापूर्वी त्यातील चार पुस्तके मुलांना मोठ्याने वाचून दाखवावीत. चुळबुळ कोठे सुरू होते, ते समितीने बसून पाहावे.