चार्वाकाच्या माथी मारलेलं तूप



‘कर्ज काढा, पण तूप प्या’ आणि खाली चार्वाकाचं नाव. हा सुविचार ठाणे-डोंबिवलीत सोसायटीच्या फळ्यावर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत वरचेवर वाचायला मिळतो. कुणाचे हप्ते थकले की हटकून येतो. त्याला माझा ठाम आक्षेप आहे.

चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाहीत. विरोधकांनी खोडून काढण्यासाठी दिलेली अवतरणं तेवढी उरली. तुपाचा श्लोक ज्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून सर्वतोमुखी झाला, तो चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांचा, म्हणजे एका वेदान्त्याचा. त्यातल्या चार्वाक प्रकरणाच्या आरंभी हा श्लोक येतो, तेव्हा त्यात ना कर्ज आहे, ना तूप. जिवंत आहात तोवर सुखाने जगा, मृत्यू कुणाला सोडत नाही, एवढंच आहे. प्रकरण संपता संपता मात्र मृत्यूच्या जागी उधारीचं तूप येतं! एका अख्ख्या दर्शनाला उधळ्या ठरवायला चार शब्द पुरले.

महाविद्यालयीन मुलांच्या स्टेटसवर हाच प्रकार सैतानाच्या नावाने चालतो. अँटन लाव्हे यांनी १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत सैतानपंथ काढला, १९६९ साली ‘द सॅटॅनिक बायबल’ लिहिलं. ‘मनाला येईल ते कर’ हे वचन त्यांच्या नावावर खपवलं जातं. ते ॲलिस्टर क्रॉली यांनी १९०४ साली लिहिलेल्या पुस्तकातलं, आणि त्याही आधी सोळाव्या शतकात राब्ले यांच्या कादंबरीत आलेलं. स्वर्गातल्या चाकरीपेक्षा नरकातलं राज्य बरं, हे तर मिल्टनच्या १६६७ सालच्या महाकाव्यात सैतान बोलतो. मिल्टन स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती होता. शकुनीचं बोलणं व्यासांचा उपदेश म्हणून कुणी छापेल का?

मुलांना ही वाक्यं का भावतात, ते कळतं. क्लास, परीक्षा, लोकलची गर्दी आणि प्रत्येक सुखाला ‘नंतर बघू’. देहाचं सुख लाजिरवाणं नाही, हे त्यांना कुणाकडून तरी ठणकावून ऐकायचं असतं. लाव्हे यांच्या लेखी सैतान हा देव नव्हताच, बंडाचं प्रतीक होता. तेव्हा मुलांवर ओरडण्यात अर्थ नाही. प्रत्यक्षालाच प्रमाण मानणारा, परलोकाचं आमिष दाखवून दक्षिणा उकळणाऱ्यांना जाब विचारणारा विचार आपल्याच मातीत कितीतरी आधी झाला, हे त्यांना सांगायला हवं. आ. ह. साळुंखे यांचं ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ आणि सदाशिव आठवले यांचं चार्वाकावरचं पुस्तक मराठीत आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचकांसाठी उभं आहे.

सुविचार लिहिणाऱ्या शिक्षकांना आणि सोसायटीच्या चिटणीसांना माझी कळकळीची विनंती आहे: वचन कोणत्या पुस्तकातलं, हे सांगता येत असेल तरच खाली नाव घाला. नसेल, तर ती जागा कोरी सोडा.

— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)