अडकलेल्या माणसाचं चित्र

माझं एक व्यंगचित्र ट्रेकिंगच्या एका ग्रुपवरून काढून टाकण्यात आलं. चित्रात हेल्मेटवाला एक माणूस कपारीत कमरेशी अडकलाय आणि डोक्यावर उलटं लटकलेलं वटवाघूळ त्याला म्हणतंय, 'भाडं पाच तारखेच्या आत.' अॅडमिनचा निरोप आला: गुहेत जाणं गंभीर गोष्ट आहे, चेष्टा नको. त्याच सकाळी त्याच ग्रुपवर कड्याच्या टोकावर हात पसरून पाठमोऱ्या उभ्या असलेल्या एका गड्याची ड्रोननं काढलेली रील होती. तिला बदाम मिळाले.

चित्रातला माणूस मी आहे. मेघालयात सोहराजवळ क्रेम मावम्लूह नावाची गुहा आहे. खासी भाषेत क्रेम म्हणजे गुहा. तिथल्या चुनखडीच्या एका स्तंभाच्या अभ्यासावरून २०१८ साली पृथ्वीच्या इतिहासातल्या अलीकडच्या सुमारे ४,२०० वर्षांच्या काळाला 'मेघालयन' असं नाव मिळालं. एवढ्या थोर जागी मी पोटावर सरपटताना अडकलो. श्वास घेतला की छाती फुगायची आणि दगड आवळायचा. उपाय सोपा होता: श्वास सोड, अंग सैल कर, सरक. पण मी आधी बराच वेळ नुसतं 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणत राहिलो. मागच्याला वाटलं, मी फोटो काढतोय.

जीव घेतं ते हे 'ठीक आहे'. गुहेत जाताना एकमेकांवर अवलंबून नसलेले तीन दिवे न्यायचे, हा जगभरच्या गुहाफिऱ्यांचा जुना नियम. एक बंद पडेल, दुसरा हातून पडेल, हे आधीच मान्य करून केलेला. म्हणजे नियमातच माणसाच्या वेंधळेपणाला जागा आहे. आपल्या रीलमध्ये ती नाही. तिथं कुणी दमत नाही, कुणाला भीती वाटत नाही, कुणाची चड्डी चिखलानं भरत नाही. अशा फोटोंवर वाढलेला पोरगा पहिल्यांदा अडकला की तोंड कसं उघडणार?

अॅडमिनचा मुद्दा मला कळतो. २०१८ मध्येच थायलंडच्या थाम लुआंग गुहेत पुराच्या पाण्यामुळे बारा मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले. सगळे वाचले, पण त्यांच्यासाठी आत गेलेल्या एका माजी नौदल पाणबुड्याचा जीव गेला. त्यावर मी विनोद करणार नाही. पावसाचा अंदाज न बघता आत शिरणाऱ्या शहाण्यावर मात्र करणार, आणि तो शहाणा शक्यतो मीच असेन.

दुसरी तक्रार आपल्या सगळ्यांबद्दल. मराठीत व्यंगचित्र म्हटलं की पुढाऱ्याचं नाक, आणि गुहा म्हटलं की दंडुका घेतलेला आदिमानव. शि. द. फडणीसांनी एका शब्दाशिवाय हसवून दाखवलं, तेही साध्या घरगुती माणसांवर. मग चिखलातल्या माणसानं काय घोडं मारलंय? अंधारात फोटो धड येत नाही. पेन्सिल चालते. गुहेचा नकाशा करणारे आजही आत बसून हातानं रेखाटनं काढतात. त्यांच्या वहीच्या कोपऱ्यात एखादं वटवाघूळ आपोआप येतं.

मी यवतमाळचा. आमचा बराचसा जिल्हा काळ्या दगडाचा, बेसाल्टचा. चुनखडी आहे ती वणीकडे. पावसाचं किंचित आम्ल झालेलं पाणी भेगांतून झिरपत तिला विरघळवतं. अशानंच पोकळ्या होतात. पण आमच्याकडे चुनखडी म्हणजे सिमेंट आणि रस्त्यावरचे ट्रक. दगड फुटला तेव्हा त्यात एखादं विवर होतं का, हे विचारताना मी अजून कुणाला पाहिलं नाही. ज्या गोष्टीवर कुणी कधी हसलंही नाही, ती गेल्याचं वाईट कुणाला वाटणार?

मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "बिळात घुसाले इंजिनीअर झाला का बे?" त्याचंही चित्र केलंय: मामा गुहेच्या तोंडाशी वाकून आत विचारतायत, 'पॅकेज किती देतात?'

अॅडमिनला मी ते पाठवलं नाही. पाठवलं ते पहिलंच, थोडं बदलून. कपार तीच, वटवाघूळ तेच, फक्त आता माणूस ओरडतोय, 'अडकलो रे!' दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.